टीव्हीच्या पट्टीवरची सासू

महामाया इंगळे वडनेर भोलजीत ब्लाऊज शिवते. विहारामागच्या गल्लीत तिचं घर आहे. दारावर टेलरची पाटी नाही, पण हायवेपलीकडच्या बायकाही बरोबर तिथे येतात. तिला ऐकू येत नाही, हे नव्या गिऱ्हाइकाला आधीच कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं. बायका मापाचं ब्लाऊज सोबत आणतात, मागचा गळा किती खोल हवा ते एकमेकींच्या पाठीवर बोटाने आखून दाखवतात, आणि न्यायला कधी यायचं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून ठरवतात. चूक फारशी होत नाही. उलट वेळ वाचतो, असं काही जणींचं म्हणणं आहे.

तिचं माहेर मोताळा तालुक्यातलं. लहानपणी मोठा ताप आला आणि तो उतरला तेव्हा कान गेलेले होते. वडिलांनी तिला बुलढाण्याला मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत ठेवलं. तिथे ती ओठ वाचायला, हातांनी बोलायला आणि शिवायला शिकली. वाचायची गोडीही तिथलीच. मराठी तिला कानावाटे कधी मिळाली नाही, जी मिळाली ती पुस्तकातून. त्यामुळे 'मला', 'तुला', 'मी जाते', 'तो जातो' हीच सगळ्या जगाची मराठी, अशी तिची समजूत होती. ही समजूत दुरुस्त करावी असं कुणाला सुचलं नाही.

नागसेन खामगावच्या एका तेल गिरणीत फिटर आहे. त्याने मुलगी पाहिली, पसंत केली आणि घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणजे तानाबाई. नवरा लवकर गेला, तेव्हापासून लोकांच्या वावरात निंदण-वेचणी करून तिने दोन लेकरं वाढवली. तिला वाचता येत नव्हतं आणि येणाऱ्या सुनेला ऐकता येत नव्हतं.

"मंग घरात बोलाचं कोनं अन् आइकाचं कोनं?" तिने विचारलं.

"गिरणीत मशीनीचा आवाज इतका आहे का घरी कोनी बोललं नाई तरी चालते मले," नागसेन म्हणाला.

लग्न झालं. सासू-सुनेच्या मधे काही खुणा तयार झाल्या. मूठ तोंडाकडे नेली की जेवण. हाताचा पंखा केला की लाइट गेली. मिशीला पीळ दिला की नागसेन, जरी नागसेनला मिशी नव्हती; ती त्याच्या बापाची होती. नाकावर बोट म्हणजे नणंद सुवर्णा, नाशिकला दिलेली. एवढ्यावर घर चालत होतं. ज्या गोष्टीला खूण नव्हती ती गोष्ट दोघींमध्ये नव्हतीच.

पुढे समीक्षा झाली. ती ऐकणारी होती. तिला पाय फुटले तसं तिला कामही लागलं. आजीचं आईला सांगायचं, आईचं आजीला. आजीचं बोलणं ती हातांनी आईपुढे मांडायची आणि मांडताना त्यातलं तिखट काढून टाकायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पुढे समीक्षा दुसऱ्या एका निवासी शाळेच्या प्रवेशपरीक्षेत पास झाली आणि पेटी घेऊन गेली, तेव्हा घर पुन्हा खुणांवर आलं.

त्या पावसाळ्यात तानाबाई न्हाणीत पाय घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. तिने हाका मारल्या. भिंतीपलीकडे महामाया मशीनवर होती. मशीनचा हादरा पायाला लागत असला की तिला दुसरं काही कळत नाही. शेवटी शेजारची मंजुळाबाई हाका ऐकून आली, तिने तानाबाईला उठवलं आणि मग महामायाच्या खांद्याला हात लावला. महामाया धावली. ओली, थरथरणारी सासू तिने पुसली, खाटेवर निजवली. नागसेनने संध्याकाळी चुलतभावाला फोन केला.

चुलतभाऊ अश्वजित नांदुऱ्यात केबल आणि इंटरनेटच्या ऑफिसात कामाला आहे. लोकांच्या घरी वायर ओढणं, बॉक्स बसवणं, टीव्हीला घरातल्या बाकी वस्तूंशी जोडून देणं हे त्याचं काम. तो रविवारी आला आणि जेवायच्या वेळेपर्यंत सगळं बसवलं. समोरच्या खोलीत मशीनसमोर टीव्ही. त्याखाली बॉक्स आणि वायफायचा डबा. दारावर कॅमेरा असलेली बेल. ती दाबली की टीव्हीच्या कोपऱ्यात दारावरच्या माणसाचं तोंड दिसायचं. आणि स्वयंपाकघरात, फडताळाच्या खिळ्याला, नागसेनचा जुना फोन टांगलेला. त्या फोनजवळ कुणी बोललं की ते टीव्हीच्या तळाशी एका काळ्या पट्टीवर अक्षरांत उमटायचं. महामायाला उत्तर द्यायचं असेल तर रिमोटवरून तयार वाक्यांतलं एक निवडायचं, मग स्वयंपाकघरातला फोन ते बोलून दाखवायचा.

"मोठी माय, बोल नं काई," अश्वजित फोनकडे बोट करून म्हणाला.

तानाबाई फोनसमोर उभी राहिली. पदर नीट केला. "काय बोलू?"

समोरच्या खोलीत पट्टीवर आलं, 'काय बोलू'. महामायाने ते वाचलं. मग रिमोटवरचं एक वाक्य निवडलं. फडताळातून शहरी बाईचा गोड आवाज आला, "मी येत आहे."

तानाबाई दचकून मागे सरली. "हे पुन्याची बाई कोनं बसवली बे घरात?"

घरात इतके दिवस एक मुकी सून होती, आता एक पुण्याची बाईही आली, असं ती पुढे महिनाभर गल्लीत सांगत होती. पण मशीनच्या आवाजातही आता हाक पोचायला लागली. दूध उतू गेलं, पाणी आलं, समीक्षाचा फोन आला, हे महामायाला उठून न पाहता कळू लागलं.

एक अडचण राहिली. टीव्हीला पुस्तकातली मराठी येत होती आणि तानाबाईला ती येत नव्हती. ती म्हणायची, "मले च्या पाह्यजे." पट्टीवर उमटायचं, 'मळ्याच्या पाहिजे'. महामाया विचारात पडायची. घराला मळा नव्हता. "काऊन वं, आइकू नाई येत का?" असं तानाबाई म्हणाली की 'कावळा ऐकू नाही येत का' असं यायचं आणि महामाया खिडकीतून बाहेर बघायची.

एकदा पट्टीवर आलं, 'मी विहारात जाऊन येतो'. महामायाला वाटलं घरात कुणी पुरुष आला आहे. ती उठून आत गेली, तर सासू एकटीच, चप्पल पायात घालत होती. त्या दिवशी तिने समीक्षाला फोनवर लिहून विचारलं. समीक्षाने उत्तर पाठवलं, 'आई, आपल्याकडे बायका पण येतो जातो म्हणतात. तुला माहीत नव्हतं?' महामायाला खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं सासूचे ओठ वाचताना शब्द कुठेतरी चुकत आहेत असं तिला वाटायचं. चूक आपलीच, असं ती धरून चालली होती. शब्दच वेगळे होते.

तेव्हापासून ती पट्टी अभ्यासाला घेतल्यासारखी वाचायला लागली. 'मळे' म्हणजे मले, मले म्हणजे मला. 'थेट' आलं की ते 'थे', म्हणजे ते. काही दिवसांनी तिला टीव्हीच्या चुकांच्या पलीकडचं दिसू लागलं. समीक्षाला तिने एकदा 'तुले डबा पाठवू का' असं लिहिलं. पलीकडून हसणारी तोंडं रांगेने आली.

दिवाळीनंतर स्वयंपाकघरातलं बटण जळालं. फोनची चार्जिंग बंद पडली. नागसेनने फोन काढून समोरच्या खोलीत, टीव्हीजवळच्या खिडकीत, चार्जिंगला लावून ठेवला. बटण दुरुस्त होईपर्यंत तो तिथेच राहणार होता.

दुपारी जेवणं झाली की तानाबाई महामायाच्या मशीनजवळ भिंतीला टेकून बसायची. शिवून झालेल्या ब्लाऊजांचे धागे काढणं, हुक लावणं ही कामं करायची. ही सवय लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासूनची. त्या वेळी तानाबाईचे ओठ सारखे हलत असतात, हे महामायाने पाहिलं होतं. मान खाली, ओठ अर्धे मिटलेले, त्यामुळे वाचता काही येत नसे. सासू वंदना म्हणत असावी किंवा तिला पुटपुटायची सवय असावी, असं तिने ठरवून टाकलं होतं.

त्या दुपारी टीव्हीवर आवाज बंद ठेवलेली कुठलीशी मालिका चालू होती. महामायाने दोऱ्याची रीळ बदलायला मान वर केली, तर पट्टीवर अक्षरं चालली होती.

'महामाया ऐक माई काल मळे पुन्हा तसंच झालं'

तिला आधी वाटलं सासू हाक मारते आहे. तिने वळून पाहिलं. तानाबाई तिच्याकडे बघत नव्हती. ती हुक लावत होती आणि बोलत होती. पट्टीवर पुढचं आलं. विहारात जाताना पायरी दिसली नाही, मंजुळाबाईने धरलं म्हणून वाचली. मग सुवर्णाचं, की ती फोन करते पण दोन शब्दांत ठेवते. मग नागसेनच्या बापाचं, की तो दारू पिऊन यायचा आणि सकाळी पाया पडायचा, आणि पाया पडलेलंच जास्त दुखायचं. ते बोलणं मधे थांबत नव्हतं. प्रत्येक गोष्टीच्या सुरुवातीला 'महामाया' होतं.

सासू इतकी वर्षं आपल्याशी बोलत होती. महामायाने मशीन पुन्हा चालू केलं, कारण ते बंद ठेवलं तर तानाबाईने वर पाहिलं असतं. हातातली शिवण वाकडी गेली. ती तिने संध्याकाळी उसवून परत घातली.

दोन-तीन दिवसांत इलेक्ट्रिशियन येऊन बटण बदलून गेला. फोन परत खिळ्याला टांगायचा होता. नागसेन विसरला. महामाया विसरली नाही, पण तिने तो टांगला नाही.

ती रोज दुपारी वाचू लागली. तिच्या लग्नाला तानाबाईने विरोध केला होता, हे तिला माहीत होतं. त्या विरोधासाठी तानाबाई स्थळ सुचवणाऱ्या मलकापूरच्या एका नातेवाइकाकडे भांडायला गेली होती आणि तिथून रडत परतली होती, हे नव्हतं. सुवर्णाच्या आधी एक मुलगा होऊन गेला होता, त्याचं नाव ठेवायचंही राहून गेलं, हेही नव्हतं. नागसेनलाही ते माहीत असेल असं वाटत नव्हतं. एका दुपारी पट्टीवर आलं की सुवर्णाच्या हातच्या भाकरीपेक्षा तुझी भाकरी मऊ असते, पण हे मी तिला सांगणार नाही आणि तुलाही सांगणार नाही. महामायाला हसू आलं. तिने ते तोंडातल्या टाचण्यांवर दाबून धरलं.

आणि मग डोळ्याचं आलं. उजव्या डोळ्याने सगळं धुरातल्यासारखं दिसतं. डाव्यानेही कमी होत चाललंय. न्हाणीत पडले ती पाण्याने नाही, कडा दिसली नाही म्हणून. कुणाला सांगू नये, सांगितलं तर नागसेन ऑपरेशनला नेईल, आणि गावातली एक म्हातारी डोळा दाखवायला गेली ती आंधळी होऊन आली. 'कोणाला सांगितलं नाही तुझ्याशिवाय'.

हे वाचून महामाया गप्प राहू शकली नाही. राहिली असती तर सासू पुन्हा पडली असती. पण कळलं कसं, हे सांगता येणार नव्हतं. तिने दुसऱ्या दिवशी सकाळी, अंगणात तांदूळ निवडत बसलेल्या तानाबाईसमोर बसून, तिच्या डाव्या डोळ्यावर आपला तळहात ठेवला आणि दुसऱ्या हाताची बोटं धरली. किती?

तानाबाईने हात झटकला. "काय लावलं हे?"

महामायाने पुन्हा डोळा झाकला. तानाबाईने अंदाजाने दोन बोटं दाखवली. महामायाने मूठ धरली होती.

नागसेन दारात उभा राहून हे पाहत होता. "माय, तुले दिसून नाई राह्यलं?"

"दिसते मले."

"मंग मुठीले दोन बोटं काऊन म्हनते?"

खामगावला मोतीबिंदूचं शिबिर होतं. त्याने नाव नोंदवलं. तानाबाई चार दिवस भांडली. सुनेला हे सुचलं कसं, यावर तिचा विचार चालला होता आणि तो मंजुळाबाईपाशी येऊन थांबला. विहाराच्या पायरीवर मंजुळाबाईनेच धरलं होतं. तिनेच खाणाखुणा करून सुनेला सांगितलं असणार. तानाबाईने अंगणात उभं राहून मोठ्याने सुनावलं, "लोकाच्या घरात नाक खुपसनाऱ्या बाया मले नोको पाह्यजे!"

मंजुळाबाई चुलीपासून उठून आली. "कोनाले म्हनून राह्यली वं तू?"

"ज्याले लागलं त्याले."

दोघी एकमेकींच्या अंगणात जायच्या बंद झाल्या. उघड्या दारातून महामायाला ते भांडण दिसलं होतं, आणि खिडकीतल्या फोनने त्यातलं निम्मं लिहूनही दाखवलं होतं. त्या रात्री ती नीट जेवली नाही. पण तिने कुणाला काही सांगितलंही नाही.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. उजवा डोळा आधी केला, डावा नंतर करू असं डॉक्टर म्हणाले. तानाबाई काळा चष्मा लावून घरी आली आणि काही दिवस खाटेवर पडून राहिली. चष्मा निघाला तेव्हा तिने पहिल्यांदा भिंतीवरची जाळी पाहिली आणि म्हणाली, "घर इतकं घान आहे, सांगतलं नाई कोनं?" मग सुनेचं तोंड जवळून पाहिलं. कानामागे पांढरे केस आले होते.

दुपारचं बसणं पुन्हा सुरू झालं. तानाबाई भिंतीला टेकली, सुईत दोरा स्वतःच ओवला, त्यावर थोडा वेळ खूष झाली. मग नेहमीसारखं सुरू केलं. "महामाये, आइक..."

टीव्हीच्या तळाशी काहीतरी हललं. तिचं लक्ष गेलं. आधी तिला तिथे नुसता काळा पट्टा दिसायचा, तोही कधीमधी. ती थांबली. पट्टीवरचं हलणं थांबलं. "अवं," ती म्हणाली. पट्टीवर लहानसं काहीतरी उमटलं. तिला अक्षरं वाचता येत नव्हती, पण अक्षरं काय असतात हे माहीत होतं. तिने खिडकीतल्या फोनकडे पाहिलं, मग पुन्हा टीव्हीकडे, आणि हळूच म्हणाली, "तानाबाई."

चार अक्षरं आली.

महामायाचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबला होता. तानाबाईने सुनेकडे पाहिलं. सुनेने मान खाली घातली. तेवढंच पुरलं. तानाबाईने सुई ब्लाऊजात टोचून ठेवली, हाताचा टेकू घेऊन उठली आणि बाहेर गेली.

त्यानंतर दुपारी ती विहाराच्या ओट्यावर जाऊन बसू लागली. घरात कामापुरतं होतं, तेही खुणांनी. महामायाने खिळ्यावर परत टांगलेल्या फोनपुढे ती आता बोलत नव्हती. चहा हवा असेल तर स्वतः करून घ्यायची. महामायाने एकदा चहा ओट्यावर नेऊन दिला. तिने तो शेजारी बसलेल्या बाईच्या हातात दिला. नागसेनला घरातली हवा कळत होती, कारण कळत नव्हतं. त्याने बायकोला हातांनी विचारलं. तिने सांगितलं, सगळं नाही, पण आपण वाचत होतो एवढं.

नागसेनने हातांनी विचारलं, "वाईट बोलत होती का?"

महामायाने नाही म्हटलं.

"मग?"

त्याचं उत्तर शाळेत शिकवलेल्या खुणांत बसत नव्हतं.

तिने आधी शेजारचं निस्तरलं. मंजुळाबाईकडे गेली, फोनवर लिहिलं आणि तिच्या नातीला, छकुलीला, वाचायला दिलं. छकुलीने एकेक शब्द लावत वाचून दाखवलं. 'डोळ्याचं मंजुळाबाईंनी सांगितलं नाही. आई दुपारी माझ्याशी बोलतात ते मी टीव्हीवर वाचत होते. मला त्यातून कळलं. तुमच्यावर आळ आला. माझी चूक आहे.'

मंजुळाबाईने ते दोनदा वाचून घेतलं. मग तिला हसू आवरेना. "म्हनजे हे तानी इतके वर्सं भितीले सांगतो समजून सांगे, अन् भितीले कान फुटले!" हसता हसता ती गंभीर झाली. "पन बाई, म्हाताऱ्या मानसाचं असं आइकू नाई." छकुलीने हेही हातवारे करून सांगायचा प्रयत्न केला. महामायाला ते ओठांवरूनच कळलं होतं.

मंजुळाबाई तशीच ओट्यावर गेली आणि तानाबाईशेजारी बसली. काय बोलणं झालं ते कुणाला माहीत नाही. संध्याकाळी दोघी सोबत परतल्या.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तानाबाई चप्पल घालत होती, तेव्हा महामायाने तिचा हात धरून समोरच्या खोलीत आणलं. टीव्हीची आणि बॉक्सची वायर बटणातून उपसली आणि दोन्ही वायरी सासूच्या हातात दिल्या. स्वयंपाकघरातला फोन आणून, बंद करून, तोही तिच्याकडे दिला. मग मशीनवर जाऊन बसली आणि कामाला लागली.

तानाबाई वायरी हातात घेऊन उभी होती. काळ्या पडद्यात तिला तिचीच सावली दिसत होती. ती खाली बसली. पुढे जे झालं ते तिनेच मंजुळाबाईला सांगितलं आणि मंजुळाबाईने गल्लीला. खात्री करून घ्यावी म्हणून ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "महामाये, तुह्या मांगं इच्चू आहे."

महामाया बाही जोडत राहिली.

"मोठा आहे. काळा. पायाजोळ आला."

मशीन चालतच राहिलं.

"सुवर्णा फारकत घेऊन येऊन राह्यली. नागसेन दुसरी करून राह्यला." इतकं झाल्यावर तिचा विश्वास बसला. तिने ब्लाऊज ओढून घेतलं आणि राहिलेल्या दिवसांचं सांगायला सुरुवात केली. ते काय होतं, ते महामायाला कळलं नाही. तिरप्या नजरेने तिला ओठ हलताना दिसत होते. ती पाहत नव्हती, पण दिसत होते.

असे काही आठवडे गेले; दुपारी वायरी निघायच्या आणि फोन बंद व्हायचा, संध्याकाळी दोन्ही परत लागायचं. मग टीव्हीने फोनशिवाय स्वतःच ऐकावं म्हणून बॉक्समध्ये काही नवीन टाकायला अश्वजित आला, तेव्हा तानाबाईने त्याला बाजूला घेतलं. "हे लिव्हनं चालू कराचं, बंद कराचं, थे कोन्या बटनानं होते?"

"कायले पाह्यजे तुले, मोठी माय? आता तं नवीन आलं आहे, बंद कराचं कामच नाई. चोवीस तास आइकते."

"चोवीस तास कायले पाह्यजे त्याले? त्याले काई कामधंदा नाई? मले बटन सांग."

त्याने रिमोटवरचं बटण दाखवलं. पट्टीच्या टोकाला लाल ठिपका दिसला की टीव्ही ऐकतो आहे, नसला की नाही. तेवढं वाचायला तिला अक्षरांची गरज नव्हती. तेव्हापासून दुपारी रिमोट तिच्याजवळ असतो. बहुतेक दिवस ठिपका नसतो. महामाया त्याला हात लावत नाही.

पहिल्यांदा तिने ठिपका लावला त्या दिवशी महामाया कापड कातरत होती. तानाबाईने तिच्या गुडघ्याला टोचलं आणि टीव्हीकडे बोट केलं. मग पडद्याकडे बघत, अश्वजितने सांगितल्याप्रमाणे सावकाश, ती बोलली.

"तुह्या लग्नाले म्या आडवी आली होती. थे तुले माहीतच झालं असंल. तवा मले वाटलं, घरात बोलाले कोनी राह्यनार नाई."

पट्टीवर अर्धे शब्द चुकीचे आले. महामायाने बरोबर करून वाचले. तिने रिमोट मागितला, तयार वाक्यांची यादी खालपर्यंत पाहिली. 'हो'. 'नाही'. 'थोड्या वेळाने'. 'धन्यवाद'. तिने 'ठीक आहे' निवडलं. स्वयंपाकघरातून गोड आवाज आला.

"थे पुन्याच्या बाईले नोको विचारू," तानाबाई म्हणाली. "तू सांग."

हेही पट्टीवर आलं. महामायाने कात्री खाली ठेवली. शाळा सुटल्यापासून तिने कुणासमोरही आवाज काढला नव्हता, कारण तो कसा येतो हे तिला लोकांच्या तोंडावरून कळायचं. तिने तोंड उघडलं आणि एक शब्द म्हटला. टीव्हीला तो लिहिता आला नाही, पट्टीवर नुसती तीन टिंबं आली. तानाबाईला मात्र तो कळला असावा, कारण तिने मान हलवली. तो शब्द कुठला, हे दोघींनीही कुणाला सांगितलं नाही. नंतर दोघी आपापल्या कामाला लागल्या.

होळीनंतर डाव्या डोळ्याचा नंबर आला. या वेळी नागसेनला सुट्टी नव्हती, म्हणून महामाया सोबत गेली. खामगावच्या दवाखान्यात बाकावर बरीच माणसं होती. टीव्ही नव्हता, रिमोट नव्हता. डोळ्यात थेंब घालून बसवलेली तानाबाई थोड्या वेळाने सुनेकडे वळली आणि हळू आवाजात सांगू लागली. महामाया समोरच्या भिंतीवरची डोळ्याची चित्रं पाहत होती.

शेजारच्या बाकावरची एक बाई वाकून म्हणाली, "आजी, ऐकू येत नाही वाटतं त्यांना. कधीची बघते आहे मी."

"हाव," तानाबाई म्हणाली. "तिले नाई येत."

"मग?"

"मंग काय? तुमाले आइकू येते, म्हनून तुमाले नाई सांगून राह्यलो."

ती बाई सरळ बसली. नर्सने नाव पुकारलं. महामायाला ते कळलं नाही, तानाबाईनेच तिला कोपराने ढोसलं. दोघी उठल्या. तानाबाईने सुनेचा दंड धरला, आणि थेंबांनी समोरचं काही दिसत नसल्यामुळे दारापर्यंत सोडला नाही. तो डोळाही चांगला झाला. संध्याकाळच्या एस.टी.ने त्या वडनेरला परत आल्या.